काकूंची उपाशी पाहुणी

गेल्या हिवाळ्यात, एका मंगळवारी दुपारी चारच्या सुमारास, शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरमालकीणबाईंकडे एक मांजर आले. प्राणी निवाऱ्यात काम करणारी एक मुलगी ते रिक्षातून घेऊन आली होती, भाजीच्या क्रेटमध्ये, वर जाळी बांधून. जाळी सोडताच ते स्वयंपाकघरात पळाले आणि ज्वारीच्या पिंपामागे शिरले. पुढचे सहा दिवस शेपटीखेरीज त्याचे काहीही कोणाला दिसले नाही.

या घरातून उपाशी गेलेला जीव तोपर्यंत पेठेच्या माहितीत नव्हता. काकू (मी वरच्या खोलीचा भाडेकरू, त्यांना काकू म्हणतो) ज्वारीच्या कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी घरूनच विकतात, पण विकण्यापेक्षा वाढण्यात त्यांचा जीव अधिक. विजेचे मीटर बघायला आलेल्या माणसाला एकदा पाऊण तास उठता आले नाही. तेव्हापासून तो आमचे रीडिंग रस्त्यावरून, टाचा उंचावून घेतो. लग्नाची पत्रिका द्यायला आलेले लोक पुढच्या घरी जाण्याच्या स्थितीत राहत नाहीत. वाढून झाले की काकू समोर पाट मांडून बसतात आणि जेवणाऱ्याच्या तोंडाकडे एकटक पाहतात. घास लहान झाला की त्यांच्या भुवया वर जातात. "समोर बसून बघितल्याबिगर माणूस पोटभर खात न्हाय," असे त्यांचे मत आहे. मी चार वर्षे या नजरेखाली जेवतो आहे. या काळात माझ्या शर्टाचे माप दोनदा बदलले.

मांजर घेतले तेही याच भरवशावर. निवाऱ्यातली मुलगी भाकऱ्या न्यायला यायची. तिने एकदा सांगितले, एक मांजर माणसांना इतके घाबरते की कोणी जवळ असले तर खात नाही. असे मांजर कोणी घरी नेत नाही. तीन आठवडे एखाद्या घरात राहून ते माणसाळले तर कोणी दत्तक नेईल, नाहीतर कायमचे पिंजऱ्यात.

"जेवत न्हाय?" काकूंचा भाकरीवरचा हात थांबला. "माझ्याकडं आण तिला."

पहिल्या संध्याकाळी त्यांनी दूधभाकरी कुस्करून पिंपापुढे ठेवली आणि समोर पाट मांडला. "ओ बाई, जेवा की. लाजायचं काय त्यात?" पिंपामागून फिस्कारण्याचा आवाज आला. काकूंनी पाट पुढे सरकवला. दुसऱ्या दिवशी दहीभात झाला, तिसऱ्या दिवशी तूप, आणि तोंडाला चव यावी म्हणून चौथ्या दिवशी चिमूटभर शेंगाचटणी. घर झोपल्यावर थोडे दूध संपायचे, एवढीच प्रगती.

सहाव्या दिवशी मुलीने फोनवर सांगितले, "काकू, तिला चिकन लागतं. उकडलेलं, बिनमिठाचं."

या घरात अंड्याचे टरफलही कधी आलेले नाही. माझ्या भाडेकरारात मांसाहारबंदी दुसऱ्याच कलमात आहे. घराचा पत्ता त्यानंतर येतो. काकू जिना चढून माझ्या दारात आल्या.

"काय वो, तुमी बाहेर खाता, म्हाईत हाय मला."

मी इन्कार केला नाही.

"शिजवता येतंय का?"

"येतं."

"मग गच्चीवर शिजवा. आन् कवा शिजवलं ते मला सांगू नका."

करारातले कलम त्यांनी खोडले नाही. शेजारी पेनाने लिहिले : 'मांजरापुरते सोडून.'

चिकनची वाटी मी पिंपापुढे ठेवली आणि अंगणात जाऊन खिडकीशी उभा राहिलो. काकूंना ते बघवेना. पाहुणीला एकटीने जेवायला सोडून जाणेही जमेना. त्यांनी पाट भिंतीकडे फिरवला आणि वाटीकडे पाठ करून, नाकाला पदर लावून बसल्या. नवव्या मिनिटाला पिंपामागून एक फाटका कान बाहेर आला. मग दुसरा. मग पूर्ण मांजर.

"खातीय का?" काकूंनी भिंतीला विचारले.

मी मान हलवली. ती त्यांना दिसणे शक्य नव्हते.

"ओ, इचारतेय की मी!"

त्यानंतर रोज दुपारी हेच. बाराव्या दिवशी खाणे झाल्यावर मांजराने काकूंच्या पाठीला आपले अंग टेकवले. दारात भाकरीचे गिऱ्हाईक उभे होते. "आत्ता न्हाय," काकू न वळता म्हणाल्या, "टेकलीय ती." गिऱ्हाईक अर्धा तास थांबले.

निवाऱ्यातली मुलगी बघायला आली तेव्हा थक्क झाली. "काकू, घाबरलेल्या मांजराकडं बघायचं नसतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? इतकी वर्षं जेवू घालतेय लोकांला."

तीन आठवडे संपले तेव्हा बार्शीच्या एका जोडप्याने मांजर मागितले. काकूंनी मुलीला फोनवर सांगितले, "न्हाय गं, अजून लई घाबरतीय." मांजर तेव्हा त्यांच्या मांडीवर झोपले होते.

"मग पिंजऱ्यात परत नेऊ का?"

काकूंनी मांडीवरच्या मांजरावर पदर घातला.

"नाहीतर तुम्हीच ठेवून घ्या की."

"देवघर हाय घरात, पोरी. पाहुणीसाठी तसलं खाणं चालून जातंय. घरच्यासाठी कसं चालंल?" मग म्हणाल्या, "बरी हाय ती. पाठव त्यास्नी."

जोडपे रविवारी आले आणि मांजर घेऊन गेले. काकूंनी दोघांना जेवल्याशिवाय सोडले नाही.

मंगळवारी बार्शीहून फोन आला. मांजर पलंगाखाली होते. दोन दिवस काही खाल्ले नव्हते. काकूंनी जोडप्यातल्या बाईंना फोन पलंगाखाली ठेवायला सांगितले आणि बोलू लागल्या. मांजराशी त्या आजवर मराठीत बोलत. त्या दिवशी कन्नडमध्ये बोलल्या, जी त्या फक्त अक्कलकोटच्या माहेरच्या माणसांशी बोलतात. मला कन्नड येत नाही. बोलणे चार मिनिटे चालले.

संध्याकाळी पावणेसातला बार्शीहून निरोप आला. मांजराने वाटीतले निम्मे खाल्ले होते.