कोपरावरचा जांभळा ठिपका

दवाखान्यात दोन गोष्टी साचतात, रिकाम्या बाटल्या आणि किस्से. बाटल्या भंगारवाला घेऊन जातो. किस्से कोण नेणार? म्हणून आज तुम्ही तावडीत सापडलात. बसा आता!

एकाहत्तर-बाहत्तरच्या सुमाराची गोष्ट. पाथर्डीला बाजारातल्या माडीवर आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. बायको नेवाशाकडच्या शाळेत मास्तरीण. तिची बदली होईना आणि मला डॉक्टर सोडीनात. महिन्यातून एक रविवार आम्ही नवरा-बायको, बाकीचे दिवस पोस्टकार्ड. असो. माझं रडगाणं नको, किस्से ऐका.

* * *

आमच्या भागातली निम्मी माणसं ऊस तोडायला जायची. कोयता चालवून आणि मोळ्या आवळून त्यांची कोपरं धरायची. हाडाला जिथं स्नायूची दोरी, म्हणजे कंडरा, चिकटते तिथं ठणका लागायचा, तो वर्षानुवर्षं जायचा नाही. लोक म्हणायचे, "शीर धरली." मग तापल्या विळ्यानं डाग देऊन घ्यायचे. आमचे डॉक्टर पुण्याहून नवंच शिकून आले होते. कापाकापी नाही, टाके नाहीत. अंगठ्यानं दाबून दाबून नेमकी दुखरी जागा शोधायची, तिथं जांभळ्या औषधाचा ठिपका लावायचा आणि त्या ठिपक्यात एक सुई. झालं!

पहिलाच पेशंट म्हणजे पैलवान गडी. मी सुई उकळून आणतो, तर हा धोतर सैल करून टेबलावर पालथा!

डॉक्टर म्हणाले, "अहो, कोपर द्या, कोपर!"

गडी ताडकन उठून बसला. "जितं दुकतंय तितंच टोचनार? डाक्टर, तुमी खरंच शिकल्यालं हाय न्हवं?"

* * *

एकदा एका म्हाताऱ्याच्या कोपरावर ठिपका लावला आणि तेवढ्यात डॉक्टरांना अडलेल्या बाळंतिणीचं बोलावणं आलं. "बसा बाबा, आलोच," म्हणून ते गेले. मी आत पुड्या बांधत होतो. बाहेर येऊन बघतो तर बाक रिकामा!

आठ दिवसांनी म्हातारा काखेत कोंबडी घेऊन हजर. "डाक्टरसाहेब, लई गुण आला! ठिपका पुसल म्हनून आठ दिस आंगुळ केली न्हाई बगा."

डॉक्टर बराच वेळ त्या कोंबडीकडं बघत राहिले. मग मला म्हणाले, "वसंता, मी एवढी वर्षं शिकलो कशाला रे?"

* * *

दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्यांची निघायची गडबड. एका सकाळी दार उघडतो तर एक मुकादम अख्खी टोळी घेऊन उभा. चोवीस माणसं बाह्या वर करून रांगेत, देवीची लस टोचून घ्यायला यावीत तशी!

मुकादम म्हणाला, "समद्यास्नी आत्ताच टोचून टाका. म्हंजी श्रीगोंद्याच्या कारखान्यावर गेल्यावर दुकायची भानगडच न्हाई."

डॉक्टर असे भडकले! "दुखायच्या आधीच सुई? उद्या मरायच्या आधी तिरडी बांधाल! नीट ऐका. ज्याच्या कोपरावर माझा ठिपका, तो तीन आठवडे कामाला हात लावणार नाही. त्याला घरी बसवायचं. नाहीतर हात जाईल कायमचा."

मुकादम वरमला. "ठिपका दिसला की म्या त्या मानसाला कामाला लावनार न्हाई. शब्द हाय आपला." आणि गड्यानं शब्द पाळला, हे मात्र खरं.

त्या चोवीस जणांत खरं दुखणं एकाच कोपरात निघालं. सरूच्या.

* * *

तोडणीत नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. तो तोडतो, ती मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. सरू आणि जालिंदर लग्न झाल्यापासून सहा हंगाम असे एका कोयत्यात होते. डॉक्टरांनी दाबल्यावर ती कळवळली, पण सुई टोचताना हूं की चूं नाही. रडली ती नंतर, डॉक्टर "या हंगामाला जायचं नाही" म्हणाले तेव्हा. टोळी आठ दिवसांनी निघणार होती.

"ठिपका पुसा, डाक्टरसाहेब. दुकत न्हाई मला. मला त्येच्यासंगं जाऊ द्या."

"गेलीस तर पुढं पाण्याचा तांब्या उचलणार नाही तुझ्याच्यानं."

ते आठ दिवस भाकरी जालिंदरनं थापली. निघायच्या आदल्या दिवशी तो आपलंच कोपर धरून आला. "माझं बी बगा. भाकरी थापून शीर धरली."

डॉक्टरांनी सगळीकडून दाबून पाहिलं. "ठणठणीत आहे तुझं कोपर. निघ!"

चुलतभावाबरोबर कोयता करून जालिंदर गेला. मी सरूला म्हटलं, "बाई, सहा महिने काय, हां हां म्हणता जातील!" खोटं बोललो. माझा एक महिना सरता सरत नव्हता.

* * *

मग सरू दर बाजाराच्या दिवशी दवाखान्यात यायला लागली. बाकाच्या कडेला बसायची. कुणी श्रीगोंद्याकडून आलेलं दिसलं की सावरून बसायची, "आमची टोळी दिसली का वो?" म्हणून विचारायची. पुष्कळदा उत्तर "न्हाई" असंच यायचं.

डॉक्टर कोपर दाबून बघायचे. "दुखतंय?"

"न्हाई."

"मग येतेस कशाला?"

"हितं आल्यावर दुकत न्हाई, म्हनून येते."

जाताना ती मला म्हणाली, "कंपोंडरभाऊ, दोनच भाकरी थापायच्या म्हंजी हाताला कामच वाटत न्हाई. पीठ मळताना चुकून चार भाकरीचं घेते. मग सकाळी तेच शिळं खाते."

मी आत जाऊन पोस्टकार्ड काढलं. एरवी मी कोपऱ्यापर्यंत गच्च लिहायचो. त्या दिवशी काही सुचेना. "फार आठवण येते," एवढंच लिहिलं आणि टाकलं.

* * *

माघ असेल. बाजाराचाच दिवस. दुपारच्या एस्टीनं जालिंदर आला. उन्हानं काळवंडलेला, उजवा हात पंच्यात घालून गळ्यात अडकवलेला. बाकावर सरू. तिनं त्याच्याकडं पाहिलं, त्यानं तिच्याकडं.

"काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"शीर धरली, साहेब. लई ठणका हाय."

डॉक्टरांनी त्याचं कोपर दाबलं. "इथं दुखतंय?"

"व्हय."

"आणि इथं?"

"तितं बी."

"आणि इथं?"

"आयाया! मेलो!"

मी बघतच राहिलो. पंच्यात उजवा हात होता आणि डॉक्टर डावं कोपर दाबत होते!

मी सुई उकळायला उचलली. डॉक्टर म्हणाले, "सुई राहू दे. काडी दे."

बाटलीत काडी बुडवून त्यांनी हा एवढा ठिपका लावला. "तीन आठवडे कोयत्याला हात लावायचा नाही. घरी बसायचं. मुकादमाला मी चिठ्ठी देतो."

जालिंदर खाली बघून म्हणाला, "आन भाकरी?"

"म्या हाय की!" सरू बाकावरून उठलीच. तिनं त्याचं गाठोडं काखोटीला मारलं आणि पुढं झाली. जालिंदरनं जिना उतरेपर्यंत हात पंच्यातच ठेवला होता. खाली बाजारात पोचल्यावर काढला.

मी खिडकीतून बघत होतो. दिसेनाशी झाली, तरी बघत होतो. मग वळलो आणि काडी पुसायला घेतली.

"पुसू नकोस," डॉक्टर म्हणाले.

"का?"

"नेवाशाची गाडी किती वाजता आहे?"

"चारला."

"मग बाही वर कर."