भागीकाकूचे पाय

भागीकाकू भात वाढण्याआधी जेवणाऱ्याला एक शिवी वाढत असे. लालबागच्या चाळीत तिची खाणावळ होती, आमच्या कोकणातल्या गावची माणसं तिथे जेवत. मी आलो तेव्हा शाळा चौथीतच सुटलेली, गिरणीत काम लागेल की नाही या धास्तीने घास उतरत नव्हता. ती म्हणाली, "मेल्या, आदी जेव, मगे काय तां भियत बस." काम लागेपर्यंत तिने मला उपाशी झोपू दिलं नाही.

तिचे पाय बसल्या जागी लाकडासारखे ताठ होत, मग गुडघे आपोआप उडू लागत. दवाखान्यातल्या डॉक्टराने कण्यातल्या शिरांचा रोग सांगितला. बरा होणार नाही म्हणाला, पण आखडणं सैल पडायला भांगेचा अर्क दिला. तो संपल्यावर काकू सरकारी मक्त्याच्या दुकानातून भांग आणवी, वाटून दुधातून घेई. मग भिंतीला धरून चुलीपर्यंत जाई. भांग नसली की चूल नाही.

चाळीतल्या आमच्या गावकऱ्यांना मात्र त्या थरथरीत निराळंच दिसलं. देवी हिच्या अंगात येते आणि ही बया भांग पाजून देवीला झोपवते, असं आमच्या मानकरी तात्याने ठरवलं. पुरुषांची बैठक बसली. भांग आणून देणाऱ्याला वाळीत टाकायचं ठरलं.

काकू उंबऱ्यातून म्हणाली, "माझ्या पायात देवी नाय, आजार आसा. तुमच्या डोक्यात काय आसा तां तुमी बगा."

भांग बंद झाली. पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढले, सुटेनात. तात्या नारळ घेऊन समोर बसला, त्या पायांना हळदकुंकू लावलं, आपल्याला मुकादमी कधी मिळेल म्हणून कौल मागितला. ती दात आवळून विव्हळत होती आणि ही माणसं हात जोडून ऐकत होती. शेवटी तात्यानेच विचारलं, आये, तुका काय व्हया?

"भांग," काकू म्हणाली.

कुणी हसलं नाही. देवीचा शब्द मोडणार कोण? तात्या स्वतः दुकानाकडे धावला. चांदीच्या वाटीतून भांगेचा नैवेद्य आला. काकूने तो घटाघटा प्यायला.

"बायलेक नाय, देवीक दितास," ती म्हणाली. "थू तुमच्यार."

दिवस कलल्यावर पाय सुटले. चूल पुन्हा पेटली, पण तात्याला तिथलं ताट परत कधी मिळालं नाही. दर शुक्रवारी तो आठवड्याच्या भांगेचा नैवेद्य आणी, ती घेई, आणि दार लावून घेई.

आजार मात्र वर चढत गेला. भांग आखडणं सैल करी, रोग नाही. गाठीच्या तापाने, प्लेगने, शहर रिकामं होऊ लागलं तेव्हा हातही थरथरत होते. गावी जाते म्हणाली. मी तिला पाठुंगळी घेऊन धक्क्यावर नेलं, गलबतात घोंगडीवर बसवलं. मागून तात्या आला आणि सगळ्यांदेखत तिच्या पायांवर डोकं ठेवायला वाकला.

काकू या वेळी शिवी न देता बोलली.

"पायांक हात लाव नको, तात्या. दुखतत."