साहेबरावची गाडी डावीकडे ओढते

गाडी नुसती गेटातून आत आली, की आवाजावरून मी तिचं दुखणं सांगतो. अख्ख्या अकोल्यात असा कान दुसरा नाही. मागच्या महिन्यात एका बाईंच्या गाडीचा आवाज ऐकून छातीठोक सांगितलं, "ताई, पुढच्या चाकाचं बेअरिंग गेलं." त्यांनी गाडी बंद केली. आवाज चालूच. शेजारची पिठाची चक्की होती ती.

तर असा मी. सातवीत शाळेनं मला आणि मी शाळेला सोडलं. मग अकोट रस्त्यावर काळीपिवळी हाकण्यात जन्म गेला. आता नईमभाईच्या व्हील अलाइनमेंटच्या दुकानासमोर बाकडं आहे, त्यावर बसून लोकांच्या गाड्यांना नावं ठेवतो. तिथं किस्से कसे जमतात म्हणाल, तर टायरच्या खाचेत गिट्टी अडकते तसे. काढायला बसलं की एकेक निघतो. सध्या निघतात ते सगळे एकाच गाडीचे.

गाडी साहेबरावची. साहेबराव आमच्या बाकड्याचा कायमचा मेंबर. जिनिंगमध्ये वजनकाट्यावर नोकरी केली, रिटायर झाल्यावर छोटी पांढरी गाडी घेतली. ती सरळ रस्त्यावर डावीकडे ओढायला लागली. नईमभाईकडून अलाइनमेंट करून घेतलं, तरी डावीकडेच. इथवर ठीक होतं. पण हा बाबा ते पोराला फोनवर सांगून बसला.

पोरगा नितीन अमरावतीत बँकेत साहेब आहे. तो म्हणाला, "बाबा, गाडी नाही ओढत, तुम्ही ओढता. नजर गेली तुमची. रविवारी येतो अन् गाडी घेऊन जातो."

साहेबराव बाकड्यावर येऊन बसला तेव्हा किल्ली मुठीत घट्ट धरलेली.

"गाडी गेली तं मी घरात का करू बे? तुह्या वहिनीसंगं भाजी निवडू?"

म्हणजे रविवारच्या आत खोड गाडीतच आहे हे सिद्ध करायचं होतं. कामाला लागलो.

*

पहिला आरोपी अर्थात नईमभाई. त्यानं कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे वळवला.

"ये देखो, सब ग्रीन. मशीन झूट नहीं बोलती."

"मंग मशीनलेच बसव चालवाले," मी म्हटलं.

मशीनवर चाकाचा सगळा हिशेब होता, फक्त टायरात हवा किती ते कोणी पाहिलं नव्हतं. डावं पुढचं टायर निम्मं बसलेलं. कमी हवेवरच त्यानं अलाइनमेंट ठोकून दिलं होतं.

"हवा मेरा काम नहीं," नईमभाई शांतपणे म्हणाला. "हवा बाजूवाला भरता है."

बाजूवाल्याकडे हवा भरली, मशीनवर गाडी पुन्हा चढवली. सगळं पुन्हा ग्रीन. गाडी पुन्हा डावीकडे.

*

मग नईमभाई म्हणाला, एका बाजूला वजन जास्त असलं तरी गाडी ओढते. हे ऐकून सगळ्यांची मान एकदम पुंडलिकरावकडे वळली.

पुंडलिकराव म्हणजे साहेबरावचा साळा, हिवरखेडचा. आठ दिवसांसाठी आलेला, त्याला आता महिना झाला. बसतो नेहमी पुढं, डाव्या बाजूला. तो बसला की गाडीच काय, बाकडंही नमस्कार करतं. साहेबरावनं आयुष्यभर कापसाचं वजन केलं, पण या वजनाबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. आजही तो आभाळाकडे पाहत राहिला.

"भाऊजी, सरळ बोला. उतरू का मी?"

"मी कुठं काय म्हनलं?"

उतरला. गाडी नेऊन पाहिली. डावीकडेच ओढली. पुंडलिकरावची छाती अशी फुगली, की आता खरोखर वजन वाढलं असेल.

"पाह्यलं? माह्यावर खोटा आळ घेतला. आज मटन पाह्यजे."

मटण झालं. पण तोवर भावाचा अपमान बहिणीच्या कानावर गेला होता. साहेबरावच्या ताटात नुसता रस्सा आला.

*

नंतर मी माझी अक्कल लावली. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता असतो. आपण डाव्या अंगानं चालतो, म्हणून गाडी डावीकडे घसरत असेल. मग उजव्या अंगानं चालवून पाहायची. उतारामुळं ओढत असेल, तर तिकडं उजवीकडे ओढेल.

भर मे महिन्यात, भर दुपारी, रिकाम्या रस्त्यावर आम्ही उलट्या बाजूनं निघालो. गाडी डावीकडेच. उतार सुटला आणि आम्ही अडकलो. झाडाखालून पोलीस पुढं आला.

"साहेब, राँग साइडनं टेस्ट करून राहिलो," मी म्हटलं.

"मी रोज इथंच उभा राहतो," तो म्हणाला. "राँग साइडनं येनारा हरेक मानूस टेस्टच करून राहते."

पण वऱ्हाडी माणूस आजाराचं नाव ऐकून औषध सांगितल्याशिवाय सोडतो का? सगळी हकिगत ऐकली आणि तोही डॉक्टर झाला.

"ब्रेक चिपकला असन. चाकाइले हात लावून पाहा. जे गरम लागन, तेच चोर."

साहेबरावनं डाव्या चाकाला हात लावला आणि झटकला. सापडला चोर. मग उजव्याला लावला, तोही झटकला. मागची दोन्हीही तशीच. खात्री करायला पोलिसानं स्वतःच्या मोटरसायकलच्या चाकाला बोट लावलं. ती सकाळपासून उन्हात स्टँडवर उभी होती. ते बोट तो बराच वेळ फुंकत होता.

दुसऱ्या दिवशी उजाडतानाच पुन्हा तपासलं. गाडी फिरवून आणली, तरी चारही चाकं सारखीच. ब्रेक निर्दोष सुटला.

*

शनिवारी नईमभाईला आठवलं, की पुढची टायरं अमरावतीहून घेतलेली आहेत.

"अमरावती का माल? फिर उसी में है."

अमरावतीच्या वस्तूत दोष निघणार म्हटल्यावर अकोल्याच्या माणसाला जी शांतता लाभते, ती देवळातही मिळत नाही. त्यानं पुढची दोन टायरं आपसात बदलली. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. चालवून पाहिली, तर गाडी आता उजवीकडे ओढायला लागली.

"देखो!" नईमभाईला नातू झाल्यासारखा आनंद. "टायर इधर आया, तो खोड भी इधर आई. टायर बदल दो, किस्सा खतम."

"थांब," साहेबराव म्हणाला. "आज दुरुस्त केली, तं उद्या पोट्टं चालवून पाहीन अन् म्हनन, गाडी तं सरळ हाय. खोड राहू दे. त्याले पाहू दे त्याच्या डोयानं."

काय डोकं! आम्ही सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. चहा झाला. बदललेली टायरं तशीच ठेवून, गाडी घेऊन आम्ही आपापल्या घरी गेलो.

*

रविवारी नितीन आला. काळा चष्मा, इस्त्रीचा शर्ट. स्टेअरिंगवर तो, शेजारी साहेबराव, मागं मी. पुंडलिकरावला वजनाचा मुद्दा पुन्हा नको म्हणून घरीच ठेवलं. अकोट रस्त्याला लागलो.

"कोणीकडे ओढते म्हणाले होते तुम्ही?" नितीननं विचारलं.

"डावीकडे. रोज फोनवर तेच तं सांगून राहिलो."

"बरं. हे सोडलं स्टेअरिंग."

गाडी हळूहळू उजवीकडे निघाली. तेव्हा कुठं मला टायरं आठवली.

"नितीन, ऐक, काल आमी टायरं..."

"काका, तुम्ही मधात बोलू नका." त्यानं हात स्टेअरिंगवरून काढलेलेच, तोंड बापाकडे. "बाबा, ही उजवीकडे चालली. डावं-उजवं कळत नाही तुम्हाला, आणि गाडी चालवायची म्हणता? दिसत नाही तुम्हाला आता. कबूल करा ना एकदा."

साहेबरावनं समोर पाहिलं. शेजारून हात घातला आणि स्टेअरिंग डावीकडे ओढलं. समोरून आलेली लाल येष्टी हॉर्न मारत अशी जवळून गेली, की आमच्या गाडीचा उजवा आरसा मिटला. गाडी कडेच्या मातीत जाऊन थांबली.

नितीननं चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग बँकेतला चेहरा करून किल्ली काढली आणि खिशात टाकली.

"ते सगळं ठीक आहे, बाबा. पण गाडी मी नेतो. डावं-उजवं चुकतं तुमचं."

साहेबराव मिटलेल्या आरशाकडे पाहत होता.

"चुकलं बाप्पा डावं-उजवं," तो म्हणाला. "पन येष्टी कोनाले दिसली?"