चिखलातले बूट आणि लॅटिन

काय सांगू, माझ्याच जिभेनं माझे पाय पोळले! हसायचं तर खुशाल हसा, पण मला पश्चात्ताप बिलकूल नाही.

गोष्ट तीस सालाच्या आसपासची. श्रीवर्धनच्या आमच्या कोळीवाड्यातला मी पहिला मॅट्रिक. खाडीपलीकडच्या शाळेत इंग्रजीच्या मास्तराची जागा निघाली. मुलाखत चेअरमनच्या कचेरीत. तिथं देशी वहाणा दाराबाहेर काढाव्या लागत, विलायती बूट मात्र आत चालत. हा कुठला न्याय? मी ठरवलं, पायांतलं काढणार नाही! मुंबईहून कुणाचे तरी जुने बूट मागवले.

बाबा तांडेल, म्हणजे होडीचे नाखवा; होडी त्यांचीच. चढतानाच ओरडले, "बूट काढ! होडी आपली आय हाय, तिच्या अंगावर पायताण न्हाय चालत."

काढले. आईपुढे कसला ताठा? पण पलीकडे ओहोटी लागलेली, होडी चिखलातच थांबली. मी पुन्हा बूट चढवले.

"अरं, हातात घे ते! चिखल हाय!"

"न्हाय! घालूनच उतरणार!"

कोळ्याचा पोरगा ना मी? शेंबडं पोरसुद्धा असं करणार नाही. मारली उडी. पाय वर आले, बूट तळाशी राहिले. आम्ही बापलेकांनी कोपरापर्यंत हात घालून चाचपलं. खेकडा सापडला, बूट नाही.

चेअरमन म्हणजे पेन्शनीतले मामलेदार. त्यांची नजर थेट माझ्या चिखलानं माखलेल्या पायांवर.

"मास्तर व्हायला आलात, आणि अनवाणी?"

खरं सांगून मोकळा झालो असतो, तर मी कसला! छाती काढून म्हणालो, "साहेब, इंग्रजीत याला 'डिस्कॅल्स्ड' म्हणतात. मूळ लॅटिन. 'कॅल्सियस' म्हणजे जोडा, 'डिस' म्हणजे तो दूर केलेला. व्रत म्हणून जोडे सोडणाऱ्या पाद्र्यांसाठी हा शब्द आहे. ही गरिबी नव्हे!"

"म्हणजे तुमचंही व्रत?"

"अर्थात!"

"कधीपर्यंत?"

"विद्यादान करीन तोपर्यंत!"

कुणी विचारलं होतं हो एवढं? मामलेदार गहिवरले. नोकरी जागच्या जागी पक्की!

दोन वर्षांनी लग्न ठरलं. सासऱ्यांनी नवे कोरे बूट पुढे केले. पाहतो तर शेजारी चेअरमन उभे, माझ्या व्रताला हात जोडून! मी मान ताठ ठेवून बूट परत केले.

भर मे महिना, दुपारची वेळ, किनाऱ्यावरून वरात निघाली. वाळू अशी तापलेली की पाऊल टेकवेना.

सगळा गाव म्हणाला, "नवरदेव बघा, आनंदानं कसा नाचतोय!"