पांढऱ्या पायांची तीन पिल्लं

चष्मेवालीला खोटं बोललेलं खपत नसे, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. एखादी गिऱ्हाईक बाई आरशात बघत लाडात येऊन म्हणाली, "कशी दिसते हो मी?" तर ही सरळ सांगायची, "घुबडासारखी. ती काढा, दुसरी फ्रेम घाला." बाई फणकाऱ्याने निघून जायची आणि दोन दिवसांनी मुकाट येऊन दुसरी फ्रेम घेऊन जायची. वडील गेले तेव्हा दुकान हिच्या गळ्यात पडलं आणि आईविना वाढणारी धाकटी बहीण पदरात. दोघांचं तिने निभावलं. स्वतःच्या लग्नाचं तेवढं राहून गेलं. कुणी खोदून विचारलं, तर म्हणायची, "नंबर जुळला नाही," आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायची.

कुत्र्यांच्या नादी ती लागली ती फसवली गेली म्हणून. एका माणसाने आईबापांची मोठमोठी नावं सांगून तिला एक पिल्लू दिलं. तीन वर्षांचं झालं आणि ते काउंटरच्या पायाला धडकायला लागलं. साऱ्या गावाला दृष्टी देणारी बाई, आणि तिच्याच दुकानात तिचं कुत्रं आंधळं! जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत बॅटरी मारून सांगितलं, "हे रक्तातून येतं. याचा बाप कोण?" चौकशी केली, तर सांगितलेला बाप निराळा आणि खरा निराळा. देवाने मुक्या जिवाला डोळे द्यायचे आणि माणसाने थापा मारून ते काढून घ्यायचे! त्या दिवशी तिला जो राग आला, तो पुढे कधी उतरलाच नाही.

त्याच सुमारास काही घरं मिळून कुत्र्यांची एक नवी जात घडवत होती. पुढाकार बेकरीवाल्याचा. मेंढपाळांची शांत कुत्री आणि शिकारीची सडपातळ कुत्री यांच्यातून निवडत निवडत त्यांनी एक कुत्रं आणलं होतं: धुरासारख्या रंगाचं, कमी भुंकणारं, जिन्यात म्हाताऱ्या माणसाच्या मागून हळू उतरणारं. नाव ठेवलं धुरी. पण चार कुत्री सारखी दिसली म्हणजे जात झाली असं नव्हे. कोण कुणाचं पोर, हे पिढ्यानपिढ्या खरंखरं नोंदलेलं असावं लागतं. तशी वही कुणीतरी ठेवायला हवी होती. चष्मेवाली म्हणाली, "मी ठेवते. पण मग माझ्यापुढे कुणी रडायचं नाही."

तिने नियम केला तोही तिच्यासारखाच. वेतातलं एक पिल्लू जरी खोट्या बापाचं निघालं, तरी अख्खं वेत बाद. अशी दोन वेतं तिने खरोखरच बाद केली, तेव्हापासून मंडळी तिला पाठीमागे 'कात्री' म्हणायची. समोर अर्थातच 'ताई'.

तपासणी दुकानाच्या मागच्या खोलीत व्हायची. काचा घासायच्या यंत्राशेजारी टेबल, त्यावर रबरी चटई, आणि चटईवर सहा आठवड्यांची पिल्लं. मालकाने बाहेर दुकानात थांबायचं, असा दंडक होता. त्यामुळे आत पिल्लांचे दात बघणं चालू असताना बाहेर एखादा गृहस्थ उगाच बायकांच्या फ्रेमा डोळ्यांवर चढवून बघत उभा असायचा, कान मात्र आत.

त्या वर्षी सगळ्यांचं लक्ष धाकटीच्या घराकडे लागलं होतं. त्याचं कारण असं. धुरींमध्ये 'म्हातारा' नावाचा एक नर होता. चौदा वर्षांचा, आणि अजून उडती माशी टिपायचा, इतके त्याचे डोळे साफ. बाकीच्या घराण्यांत डोळ्यांचं दुखणं मधूनच डोकं वर काढत होतं, त्याच्याकडे त्याची खूणही नव्हती. पण त्याची आधीची पोरं रोगाच्या साथीत गेली. शेवटी धाकटीच्या कुत्रीशी, सावळीशी, त्याची जोडी लावली. सावळी गाभण राहिली आणि म्हातारा आठवड्याच्या आत शांतपणे गेला. म्हणजे त्याचं रक्त उरलं ते सावळीच्या पोटात. ती पिल्लं वहीत चढली नाहीत, तर बाकीची घराणी आपसातच जुळवावी लागणार आणि आणखी दहा वर्षांनी निम्मी कुत्री भिंतींना धडकणार, असं डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं. चष्मेवाली रोज देवापुढे हात जोडताना सावळीचंही नाव घ्यायला लागली.

तपासणीच्या दिवशी धाकटी टोपली घेऊन आली. वरून ओढणीने झाकलेली. "ताई, सात आहेत," एवढंच म्हणाली आणि बाहेर जाऊन थांबली. आत बेकरीवाला, डॉक्टरीणबाई आणि चष्मेवाली. ओढणी काढली आणि तिघंही बघतच राहिली.

चार पिल्लं अगदी धुरासारखी, जणू साच्यातून काढलेली. आणि तिघांचे चारही पाय पांढरेशुभ्र! छातीवर पांढरा पट्टा, शिवाय अंगावर लांब केस. सतरा वर्षांत एकाही धुरीला पांढरा पाय झालेला नव्हता.

"अगं बाई गं," डॉक्टरीणबाईंच्या तोंडून निघून गेलं.

बेकरीवाला खुर्चीतच बसला. "ही काय मोजे घालून आलीत?"

चष्मेवालीने एका पिल्लाचा पाय ओल्या फडक्याने पुसून पाहिला. वेडी आशा! रंग कुठला निघतोय? पिल्लाने तिचं बोट चोखायला सुरुवात केली.

तिने धाकटीला आत बोलावलं. "सावळी दुसऱ्या कुणाकडे गेली होती?"

"नाही गं."

"खरं सांग."

"ताई, देवाशपथ. मी तिला खोलीत कोंडून ठेवली होती. म्हाताऱ्याशिवाय कुणाचं तोंडही पाहिलं नाही तिने."

"मग हे पाय काय आभाळातून पडले?"

"मला काय माहीत! मी विणलेत का ते?"

दुसरं कुणी असतं, तर चष्मेवाली पाणी विचारून समजावून बोलली असती. पण समोर स्वतःची बहीण, आणि दारात मंडळी टाचा उंचावून बघतायत. तिने वही उघडली, सावळीच्या नावापुढे आडवी रेघ मारली आणि म्हणाली, "वेत बाद. घरचं आहे म्हणून मी डोळ्यांवर कातडं ओढणार नाही."

धाकटीने पिल्लं एकेक करून टोपलीत भरली. "वेत बाद कर, तुझा हक्क आहे," ती म्हणाली. "पण तू मला खोटारडी म्हणालीस. तुझ्या हातचं खाऊन मी वाढले आणि तुला माझी एवढीही पारख नाही." आणि ती गेली. ओढणी टेबलावरच राहिली.

चष्मेवालीने त्या दिवशी एका गिऱ्हाइकाला डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवून दिली. असं आजवर कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेव्हणा आला. धाकटीचा नवरा. नळदुरुस्तीचा धंदा, तोंडाने बोलका. पण आज पान्यांची पिशवी काउंटरवर ठेवून तो काचेखालच्या फ्रेमा बघत राहिला.

"काय मेव्हणे, चष्मा लागला की काय?"

"ताई, तिचा काही दोष नाही. दोष असलाच तर... म्हणजे मला तसं वाटत नाही, पण असलाच तर तो माझा आहे."

"काय केलंत?"

"काही नाही हो. ही तिच्या मैत्रिणीकडे गेली होती. सावळी सारखी रडत होती खोलीत. मला एका इमारतीत टाकीचं काम होतं. म्हटलं, चल बाई, जरा हवा खा. गेटाशी बांधली आणि वर गेलो."

"आणि म्हाताऱ्याशी जोडी कधी लावली होती?"

"त्याच्या आदल्याच दिवशी! काम झालंच होतं ना, ताई. एकदा झालं की झालं. आता काय दुसरा येऊन आधीच्याला पुसून टाकणार आहे का?"

चष्मेवालीने कपाळावर हात मारून घेतला. खरं तर हसूही येत होतं आणि रडूही. कारण तिलाही तसंच वाटत असे. जोडी लागली की राखण संपली, असंच सगळी धुरीवाली मंडळी धरून चालायची. तिने मेव्हण्याला तसाच हाताला धरून डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "कुत्री माजावर असते ती बरेच दिवस. त्या दिवसांत दोन नर भेटले, तर एकाच वेतात दोघांची पिल्लं होऊ शकतात. काही याची, काही त्याची."

"एकाच पोटात?" चष्मेवाली ओरडलीच.

"एकाच पोटात."

"दोन बाप?"

"दोन. तीनही होऊ शकतात."

"बास, बास," मेव्हणा म्हणाला. "तिसऱ्याला मी ओळखत नाही."

परमेश्वराची करणी म्हणावी की काय म्हणावं! चष्मेवाली बाकावर बसली. अकरा वर्षं वही सांभाळली आणि एवढी गोष्ट ठाऊक नसावी? मागे बाद केलेली ती दोन वेतं तिला आठवली. त्यांतली अर्धी पिल्लं खरी असतील का? ते आता कुणाला विचारायचं?

"तपासता येतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "म्हाताऱ्याच्या गालातली लाळ आपण ठेवलेली आहे. सातही पिल्लांची घेऊ. पण तुमचा नियम काय म्हणतो?"

नियम तिचाच होता. आता मोडला, तर लोक म्हणणार, बहिणीसाठी मोडला. नाही मोडला, तर म्हाताऱ्याची पोरं रस्त्यावर. शेवटी ती म्हणाली, "घ्या लाळ. नावं ठेवणाऱ्यांना मी तोंड देईन."

बेकरीवाल्याला हे कळलं, तेव्हा त्याने सोपी वाट काढली. "तपासणी कशाला, ताई? डोळ्यांना दिसतंय की. चार धुरी चढवा, तीन मोजेवाली काढून टाका. सगळे खूश, धाकटीही खूश." आणि खरं सांगायचं, तर चष्मेवालीच्याही मनात तेच होतं. चार तर चार. कागद येईपर्यंत थांबायचं ते केवळ रीत म्हणून. तिने त्या चौघांची नावंसुद्धा मनात ठरवून टाकली होती.

निकाल आला तेव्हा दुकानात मंडळी जमली होती. धाकटी आली नव्हती, मेव्हणा आला होता. डॉक्टरीणबाईंनी दोनदा घसा साफ केला.

"म्हाताऱ्याची पिल्लं तीन आहेत."

"चार," बेकरीवाला म्हणाला.

"तीन. पांढऱ्या पायांची."

बेकरीवाल्याने कागद स्वतः वाचायला घेतला.

"चुकलं असेल," कुणीतरी म्हणालं.

"मलाही तसंच वाटलं. म्हणून पुन्हा करायला लावलं. तेच आलं. पांढरे पाय आणि लांब केस म्हाताऱ्याच्या रक्तात लपलेले होते, सावळीच्याही होते. दोन्हीकडचं एकत्र आलं तेव्हा बाहेर दिसले. ती चार धुरकट पिल्लं गेटापाशी जो कोणी आला त्याची."

चष्मेवालीने काउंटर घट्ट धरला. गेटापाशी आलेलं एक बेवारस कुत्रं, ना नाव ना गाव, आणि त्याची पोरं अशी हुबेहूब! तिने ती या हातांनी चढवली असती. नातवंडांना, पतवंडांना त्याच खोट्या बापाचं नाव लागत गेलं असतं, आणि खरी तीन पिल्लं मोजेवाली म्हणून कुठेतरी वाटून टाकली असती. ज्या माणसाने तिला आंधळं पिल्लू दिलं, त्याच्यात आणि तिच्यात मग फरक काय उरला असता? त्याने जाणूनबुजून केलं, हिने डोळ्यांवर विश्वास ठेवून केलं असतं. कुत्र्याला काय त्याचं!

बेकरीवाला सगळ्यांत आधी सावरला. "हे बघा, बाहेर कुणाला माहीत नाही. पांढऱ्या पायांची धुरी प्रदर्शनात नेली, तर लोक हसतील. सतरा वर्षं आपण एक रूप घडवतोय. चार चढवू या. दिसायला तर बरोबर आहेत ना?"

"दादा, तुम्ही पावात भुसा घालता का?" चष्मेवालीने विचारलं.

"काहीतरीच काय!"

"दिसायला तर पावासारखाच दिसेल."

बेकरीवाला लाल झाला. दोघातिघांनी मान खाली घातली, एकजण खुदकन हसला. एक काका म्हणाले की धुरीचं नाव तरी बदला आता. बराच वेळ वादावादी झाली. दोघं रागावून उठून गेले ते गेलेच, पुन्हा कधी आले नाहीत. शेवटी चष्मेवालीने सगळ्यांच्या देखत वही पुढे ओढली. वेत बाद करायचा आपला नियम खोडला आणि त्याखाली लिहिलं: प्रत्येक पिल्लाची तपासणी, मग रूप कसंही असो. जोडीनंतरही माज संपेपर्यंत राखण. मग तीन पिल्लं चढवली. रंगाच्या घरात स्पष्ट लिहिलं, पाय पांढरे. खालच्या चार ओळींत, बाप माहीत नाही, वंशासाठी वापरू नये.

"चौघांना घरं मिळतील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गुणी आहेत."

"एक मी नेतो," मेव्हणा पुटपुटला. "शेवटी माझ्याचमुळे जन्मलीत."

संध्याकाळी दुकान बंद करून चष्मेवाली धाकटीकडे गेली. वाटेत काय बोलायचं ते मनाशी जुळवलं होतं, दारात सगळं विसरली. धाकटी जमिनीवर बसून पिल्लांना दूधभात भरवत होती. वर पाहिलं नाही.

"पांढऱ्या पायांची तिन्ही म्हाताऱ्याची आहेत," चष्मेवाली म्हणाली. "तू खरं बोलत होतीस. मी चारचौघांत तुला खोटं पाडलं. माझं चुकलं."

"चारचौघांत पाडलंस ना?"

"हो."

"मग इथे कशाला सांगतेस? इथे मी, सावळी आणि पिल्लं. आम्हाला आधीच माहीत होतं."

चष्मेवालीला बहिणीचं म्हणणं एकदम पटलं. तिने खिडकीशी जाऊन बाहेर उभ्या असलेल्या मेव्हण्याला हाक मारली. "अहो, उद्या सकाळी सगळ्यांना पुन्हा दुकानात बोलवा. जे रागावून गेले त्यांनाही."

"आता काय राहिलंय, ताई?"

"त्यांच्यासमोर मला माफी मागायची आहे."

धाकटीने चमचा खाली ठेवला. एक पांढऱ्या पायांचं पिल्लू उचलून तिने मोठ्या बहिणीच्या हातात दिलं. "धर. याचं तोंड पूस," ती म्हणाली. "उद्या मी येईन. बाहेर नाही हं थांबणार, आत येईन."