लोकर आलेला दादा

संपतदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी युसूफ वडगावच्या आमच्या शाळेत सहावीच्या वर्गावर होते. पुतण्या एवढंच म्हणाला, "आत्या, काका गेले." मी शिक्षकांच्या खोलीत आले, पर्स उचलली, म्हटलं, चकलांब्याला निघते, चुलतभाऊ गेला. तर आमचे नवे गणिताचे सर पटकन बोलून गेले, "म्हणजे ते, मॅडम... अंगावर लोकर आलेले?" असा राग आला मला! अहो, माणूस गेलाय, त्याला काही नाव-गाव आहे की नाही? पण गाडीत बसल्यावर हसू आलं, आणि मग रडू. दादा तिथं असता तर त्यानं त्या सरांना धरून एकच प्रश्न विचारला असता, जो त्यानं आयुष्यभर भेटेल त्याला विचारला. "तुमी भ्यालात का?"

आमचं घर मेंढरांचं. संपतदादानं मेंढरांमागं जायचं तर तो गेवराईला लग्नाच्या शूटिंगच्या दुकानात लागला. तिथल्या व्हिडिओवाल्याकडं परदेशी सिनेमे यायचे, माणसाच्या अंगातून भलतंच काहीतरी उगवतंय, कातडी फाटतेय, असले. भाषा कळायची नाही, पण दादा ते बघून यायचा आणि आम्हाला अंगणात बसवून सगळं करून दाखवायचा. काकू, म्हणजे त्याची आई, भाकरी थापता थापता म्हणायची, जेवायच्या वक्ताला कावून हे घाण सांगतो रे? दादा मला बाजूला घेऊन सांगायचा, "भूत भायरून येतं सुमे, त्याला अंगारा हाय. माणूस आतूनच बदलाय लागला तर काय लावणार?" मी तेव्हा कॉलेजात होते. मला त्यातलं फारसं कळलं नव्हतं, तरी मान हलवली.

आणि एका उन्हाळ्यात गड्यानं खरंच सिनेमा काढला. दुकानाचा कॅमेरा, आमची मेंढरं, आमचीच माणसं. नाव 'लोकर'. शहरातून एक डॉक्टरीण मेंढरांची लोकर वाढवायचं औषध घेऊन येते, मेंढरू हिसका देतं आणि सुई मेंढक्याच्या दंडात घुसते. मग त्याच्या अंगावर लोकर यायला लागते. आधी मनगटावर, मग छातीवर, मग मानेवर. मेंढका झाला दादा स्वतः. डॉक्टरीण झाले मी, कारण पुस्तकातल्यासारखं बोलणारी घरात मी एकटीच होते. वडिलांचा पांढरा सदरा उलटा घालून मी त्या वैशाखात काय रुबाबात फिरले, ते आठवलं की आता लाज वाटते. दादाच्या अंगाला बाभळीचा डिंक फासून आम्ही खरी लोकर चिकटवायचो. त्याला खाज सुटायची, पुरळ उठायचं, आणि सिनेमात तो जे ओरबाडतो ना, ते अजिबात नाटक नाही. संध्याकाळी काकू त्याला दगडावर बसवून कढत पाणी आणि करडईचं तेल लावून एकेक पुंजका सोडवायची आणि तिच्या तोंडाचा पट्टा चालू, मला पोरगं झालं का कोकरू, म्हणून. निघालेली लोकर मात्र ती टोपलीत टाकायची. फेकायची नाही.

जत्रेला सिनेमा दाखवायचा ठरला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर टीव्ही ठेवला, समोर सगळी वस्ती बसली, काकू सगळ्यात पुढं. दादा टीव्हीकडं बघतच नव्हता. तो ट्रॉलीला टेकून लोकांच्या तोंडाकडं बघत उभा होता. मेंढका आरशात बघतो, सदऱ्याची गुंडी काढतो, आणि मानेवरून लोकर दाटून खाली आलेली दिसते... तेवढ्यात मागून एक म्हातारा मेंढका अगदी काळजीनं म्हणाला, "आरं, कातरा की त्याला!"

झालं! सगळी वस्ती सुटली. लई उकडत आसंल बिचाऱ्याला, कुणी म्हणालं. पावसाच्या आदी कातराय पायजे, न्हाईतर भिजून वास मारंल. एका बाईनं तर लोकर चांगली लांब आहे, घोंगडीला बरी, असंही सांगून टाकलं. अहो, जन्मभर मेंढरं कातरणारी माणसं ती, वाढलेल्या लोकरीला ती भिणार कशी? साऱ्या जगात ज्यांना लोकरीचं भय वाटणार नाही, त्यांच्यासमोर माझ्या भावानं हा सिनेमा लावला होता, आणि स्वतः मेंढक्याचा असून त्याच्या ते ध्यानात आलं नव्हतं. हसून हसून माणसं लोळली. काकूची जागा रिकामी दिसली, आम्हाला वाटलं मेंढरं बघायला गेली असेल. सकाळी दादा मला म्हणाला, "एक माणूस, सुमे. एक माणूस जरी भ्याला आस्ता, तरी बास हुतं."

गंमत बघा, सिनेमा असा चालला की विचारू नका. दर जत्रेला मागणी. पार कडा गावाहून बोलावणं यायचं. मेंढक्याच्या मानेवर लोकर दिसली की सगळे एका सुरात ओरडायचे, कातरा की त्याला! आमच्याकडं दाढी वाढवलेल्या नवरदेवालाही करवल्या हेच म्हणतात, आणि हे कुठून आलं ते त्यांना माहीतही नसतं. पुढं मोबाइलवर तुकडे फिरले. पुण्याहून सिनेमा शिकणारी पोरं आली, दादाच्या पाया पडली, याला बॉडी हॉरर म्हणतात म्हणाली, आपल्या मातीतला असला सिनेमा आम्ही कधी पाहिला नव्हता म्हणाली. दादानं सगळं ऐकून घेतलं आणि आपला प्रश्न विचारला. पोरं म्हणाली, सर, कमाल आहे! ती गेल्यावर दादा मला म्हणाला, "म्हंजी न्हाई भ्याली."

लग्नाचं त्याच्या राहूनच गेलं. तो आणि काकू, दोघंच. मूत्रपिंडं निकामी झाल्यावर बीडला डायलिसिसच्या फेऱ्या सुरू झाल्या. शेवटचं भेटले तेव्हा पाय सुजलेले, कातडी काळवंडलेली. हात उजेडात धरून म्हणाला, बग, आता डिंक लागत न्हाई. मला हसायला सांगत होता तो, पण मला नाही जमलं हसायला.

तेराव्याला जेवणं उरकल्यावर पुतण्यानं अंगणात टीव्ही मांडून 'लोकर' लावला. काकाला आवडलं असतं म्हणाला. मानेवर लोकर आली तशी माणसं ओरडली, पण हळू, देवळात म्हणावं तशी. आणि काकू उठली. आता तिला कंबरेतून सरळ होता येत नाही, तरी भिंत धरून आत गेली. मी मागोमाग गेले. ती दादाच्या बाजेवर बसली होती, मांडीवर त्याची काळी घोंगडी.

"मला न्हाई बघवत ते," ती म्हणाली. "जत्रंतबी न्हाई बघितलं. उटून मेंढरात जाऊन बसलते. माजं लेकरू मलाच वळखू येईना... लई भ्याले मी, सुमन."

मी तिच्या शेजारी बसले. म्हटलं, काकू, हे तू दादाला कधी सांगितलं नाहीस?

"कसं सांगू? समदे हासत हुते, आन आईच उटून गेली म्हणल्यावर काय वाटलं आस्तं त्याला? वाटलं आस्तं, आईला माजा सिनेमा न्हाई आवडला."

बाहेर सिनेमा चालूच होता. माझाच तो जुना, तोऱ्यातला आवाज आत येत होता. काकू घोंगडीवरून हात फिरवत राहिली. टोपलीतली ती लोकर धुऊन, कातून तिनं ही घोंगडी विणून आणली होती. दादा हिवाळा-पावसाळा तीच पांघरायचा, डायलिसिसलाही घेऊन जायचा, आणि टोचते म्हणून कुरकुर करायचा. ती पाणी प्यायला उठली तेव्हा मी घोंगडी जवळ ओढली. अजून करडईच्या तेलाचा वास येतो तिला, किंवा मला तसं वाटलं. तिच्यात तोंड खुपसून मी म्हणाले, दादा, एक माणूस भ्यालं होतं रे. अगदी पहिल्याच खेळाला.