आईचा बुधवार-शनिवार

मांसाहार मी सोडला तो मानेसरच्या रस्त्यावर, आणि त्याचं श्रेय कुठल्याही देवाला, बाबाला किंवा डॉक्टरला नाही. कंपनीची बस सकाळच्या पाळीला निघाली होती आणि आमच्या पुढे कोंबड्यांचा टेम्पो उलटला होता. पिंजरे फुटलेले, पाय मोडलेल्या कोंबड्या डांबरावर फडफडत होत्या, आणि आमच्या बसमधली मंडळी, अगदी सूटबूटवाले साहेबसुद्धा, खाली उतरून त्या कोंबड्या पिशव्यांत भरत होती. मीही एक उचलली. ती गरम होती आणि तिचं काळीज माझ्या बोटांखाली इतकं धडधडत होतं की मला ती धरवेना. टेम्पोवाला रस्त्याच्या कडेला डोकं धरून बसला होता. त्याच्याजवळ मी ती ठेवली आणि बसमध्ये जाऊन बसलो. त्याला सोळा वर्षं झाली. त्यानंतर मटण, मासा, अंडं, काही तोंडात घातलेलं नाही.

ही गोष्ट मी खूप लोकांना सांगितली आहे. खूप म्हणजे जरा जास्तच. बायको म्हणते, कोंबडी निघाली की समोरच्याचा चहा गार होतो. ती स्वतः जन्माची शाकाहारी, मूळची पुण्याची पण दिल्लीत वाढलेली. केकमधलं अंडं दिसत नाही म्हणून तिला चालतं, आणि या विषयावर डोकं शिणवणं तिला मंजूर नाही.

द्वारकेतल्या आमच्या सोसायटीत शाकाहाराचे प्रकार भरपूर. कुणी मंगळवारी खात नाही, कुणी नवरात्रात खात नाही, एरवी बटर चिकनची डिलिव्हरी गेटवर रोज. आमच्या डोक्यावरच्या मजल्यावरचे तर कांद्यालाही शिवत नाहीत. मी या सगळ्यांना मनातून कच्चे समजायचो. यांचं ते सोवळं आणि माझी ती करुणा, असा माझा तोरा होता. तरी "आप तो अपने ही हैं" असं कुणी म्हटलं की बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? मी रत्नागिरीच्या खालच्या किनाऱ्यावरचा, मासे खाऊन वाढलेला माणूस. पण दिल्लीत घर मिळवताना 'प्योर वेज' हे दोन शब्द मला आधारकार्डापेक्षा जास्त उपयोगी पडले.

वडील गेल्यावर आई आमच्याकडे राहायला आली. येताना तिने सुकट आणि सुके बोंबील आणले होते, तीन पिशव्यांत गुंडाळून, वर जुन्या लुगड्याची घडी. निजामुद्दीनला गाडीतून उतरेपर्यंत सगळ्या डब्याला त्याचा पत्ता लागलेला होता. घरी आल्या आल्या मी ते गाठोडं गेटवरच्या ओडिशाच्या गार्डला देऊन टाकलं. त्याने मला तोंडभर दुवा दिला. मग वर येऊन मी आईला कोंबडीची गोष्ट सांगितली, अर्धा तास, उदाहरणांसकट. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं."

त्या एका 'बरं'वर मी आठ वर्षं निर्धास्त राहिलो.

आई हळूहळू उतरत गेली. दोन फुलके, मूठभर वरण-भात, पुरे म्हणायची. ब्लाउज ढगळ झाले, बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. गेल्या वर्षी डॉक्टरांनी रक्त तपासलं, तोंड वाकडं केलं आणि तिलाच विचारलं की अंडं, मासे वगैरे खाता का. तिने तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "हम लोग प्योर वेज हैं." आई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसली. मी प्रोटीन पावडर आणली, पनीर आणलं, सोयाचे गोळे आणले. ते गोळे म्हणजे भिजवलेली चप्पल आहे असं तिचं मत पडलं. पण या उन्हाळ्यापासून तिच्या गालावर जरा तेज यायला लागलं आणि पावडर लागू पडली म्हणून मी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. दर बुधवारी आणि शनिवारी दुपारी ती सोसायटीच्या भजन मंडळातही जायला लागली होती. जन्मात कधी टाळ हातात न घेतलेली बाई या वयात भजनाला लागली, याचंही मला कौतुक वाटायचं. शनिवारची सुट्टी आमच्या कारखान्याला नाही, त्यामुळे कौतुक लांबूनच.

आमच्या समोरच्या दारात एक बंगाली आंटी भाड्याने राहतात. गणिताच्या निवृत्त शिक्षिका, नवरा वारलेला, मुलगा परदेशात. जाता-येता नमस्कार, इतकीच माझी ओळख. यंदा सोसायटीच्या कमिटीत त्यांच्याविरुद्ध तक्रार आली. तक्रार वरच्या मजल्यावरच्यांची: दुपारी जिन्यात मासळीचा वास येतो, बुधवारी येतो आणि शनिवारी तर येतोच, शनिवार म्हणजे हनुमानजींचा दिवस. मी कमिटीवर होतो, त्याच मजल्यावर राहत होतो, आणि 'अपना' होतो. पत्र लिहायचं आणि नेऊन द्यायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. खरं सांगायचं तर मला ते आवडलं. आपण समजूतदार आहोत हे दाखवायची संधी कोण सोडतो? मी छान मऊ इंग्रजीत लिहिलं की मंगळवार, शनिवार आणि नवरात्रात इमारतीत मासळी शिजवू नये, एरवी दार बंद ठेवावं, आणि तक्रार पुन्हा आली तर घरमालकाला कळवणं कमिटीला भाग पडेल. खाली माझी सही.

बुधवारी कारखाना दुरुस्तीसाठी बंद होता. दीडच्या सुमाराला मी पत्र घेऊन निघालो. आई भजनाला गेली होती, तिच्यादेखत हे नको, तिची त्या बाईंशी थोडी बोलचाल असते, असा विचार करून मी ती वेळ साधली होती.

उकाड्यामुळे आंटींनी लाकडी दार उघडं ठेवलं होतं, नुसतं जाळीचं लावलेलं. बेल वाजवायच्या आधीच मला आत दिसलं. जेवणाच्या टेबलाशी माझी आई बसली होती. पदर कमरेला खोचलेला, समोर भाताचा ढीग, पिवळा रस्सा, आणि ती रोहू खात होती. बोटांनी चाचपून काटा काढत होती, ताटाच्या कडेला लावत होती, पुढचा घास घेत होती. इतक्या भराभर जेवताना मी तिला आठ वर्षांत पाहिलं नव्हतं.

तिने मान वर केली. दचकली नाही. "बस," म्हणाली, "काटे आहेत, बोलायला लावू नकोस."

मी बसलो. दुसरं काय करणार? आंटी पाणी घेऊन आल्या. हातातला कागद लपवायलाही मला सुचलं नाही. त्यांनी तो शिक्षकाच्या सवयीने मागून घेतला, चष्मा लावला आणि उभ्या उभ्या वाचला. मग घडी होती तशीच घालून माझ्यासमोर ठेवला. आई जेवतच होती. त्या कागदाने तिचं हेच टेबल बंद होणार होतं, आणि एव्हाना माझ्या डोक्यात उजेड पडला होता की बुधवार-शनिवारचा वास कुणामुळे येतो आणि तिच्या गालावरचं तेज कशाचं आहे.

समोर आंटींचंही ताट वाढलेलं होतं. त्यात भोपळ्याची भाजी आणि डाळ. मासा नव्हता. तुम्ही नाही खात का, असं मी मूर्खासारखं विचारलं. त्या म्हणाल्या, नऊ वर्षं झाली, साहेब गेल्यापासून नाही. पूर्वी त्यांच्यात विधवांना मासा सोडायलाच लावायचे. त्यांच्या सासूला तर ऐन तरुणपणी सोडायला लावला होता, आणि ती म्हातारी होईस्तोवर दुसऱ्यांसाठी मासे रांधत राहिली. आंटींवर मात्र कुणाची सक्ती नव्हती. मुलगा तर रागावतो. पण बाजारातून मासा साहेबच आणायचे, ते गेल्यावर त्यांना घास घ्यावासा वाटला नाही. मुलगा सुट्टीला आला तेव्हा त्याच्यासाठी केलेल्या कालवणाचा वास माझ्या आईला जिन्यात आला आणि ती दाराशी येऊन नुसती उभी राहिली. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा आंटी मेट्रोने जाऊन मासा आणतात आणि रांधतात. स्वतः चवही न बघता.

"मीठ कमी-जास्त होतं," आई मराठीत म्हणाली, "आणि गोड्या पाण्यातला मासा, चिखलाचा वास मारतो. पण करते मायेने."

आंटींना ते कळलं नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या. आवाज न चढवता म्हणाल्या, "मैंने छोड़ा, आपने भी छोड़ा। अपने मन से छोड़ा। इनसे किसी ने पूछा?"

मी पत्र उचलून खिशात घातलं.

जिन्याच्या त्या चार पावलांत मी आईला म्हटलं, सांगायचंस तरी. तिने पदराला हात पुसले. "काय सांगायचं? तुला त्या कोंबडीचं एवढं लागलेलं. म्हटलं, जाऊ दे."

घरात शिरून मी येरझाऱ्या घालायला लागलो. बायकोला सगळं माहीत होतं. आंटींच्या कालवणासाठी आमसुलं तीच डब्यात घालून देत होती. मला का नाही सांगितलं विचारलं तर म्हणाली, तुला सांगितलं असतं तर तू पुन्हा गोष्ट सांगितली असतीस. मला तिचा राग आला, मग आईचा आला, मग त्या वरच्या कांदा न खाणाऱ्यांचा आला, आणि शेवटी राग काढायला माझ्याशिवाय कुणी उरलं नाही. त्याच भरात मी आईला जाहीर केलं की उद्यापासून मासा आपल्याच घरात शिजेल, वेगळा तवा आणतो, वेगळी कढई आणतो.

"नको," आई म्हणाली. "तू बघत बसशील. मला घास उतरायचा नाही."

रविवारी कमिटीची बैठक झाली. मी सांगितलं की पत्र द्यायचंच असेल तर माझ्या नावाने द्या, तो मासा माझ्या आईसाठी शिजतो. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सेक्रेटरी म्हणाले, पण तुम्ही तर प्योर वेज. मी म्हटलं, आहेच. मग वरच्या मजल्यावरचे गृहस्थ अगदी आपुलकीने म्हणाले, माताजींना जरा समजावून सांगा ना.

"समझाया था," मी म्हटलं, "वही गलती हुई।"

माझा आवाज चढला होता, तो माझा मलाच ऐकू आला. शेवटी आंटींच्या स्वयंपाकघरात एक्झॉस्ट पंखा बसवायचा असं ठरलं आणि विषय मिटला. वरच्या मजल्यावरून प्रसादाची वाटी यायची ती बंद झाली.

मंगळवारी कामावरून परतताना मी मासळीबाजारात गेलो. का गेलो ते नीट सांगता येणार नाही. आईला चिखलाच्या वासाचा मासा खावा लागतो हे डोक्यातून जात नव्हतं. कल्ला उचलून बघायचा, लाल असला तर घ्यायचा, हे तिनेच मला लहानपणी शिकवलेलं. बर्फातले चार बांगडे घेतले. विकणाऱ्याने ते साफ करायला घेतले तेव्हा मी तोंड फिरवलं, मग लाज वाटून पुन्हा वळवलं आणि शेवटपर्यंत बघितलं. कोंबडीच्या बाबतीत माझं मत बदललेलं नाही. माशाच्याही नाही. ते चार जीव माझ्यासाठी तोलले गेले, आणि तरी ते घेतले नसते तर मला आणखी वाईट वाटलं असतं. या दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी टोचतात आणि कुणालाही समजावून सांगाव्याशा वाटत नाहीत.

आंटींनी बांगडा कधी केलेला नव्हता. मी त्यांच्या स्वयंपाकघरात उभं राहून सांगितलं: खोबरं असं वाटायचं, तिरफळं ठेचून घालायची, आमसूल शेवटी, आणि उकळी आली की ढवळायचं नाही, भांडंच हलवायचं. सांगता सांगता माझ्या तोंडाला पाणी सुटलं. सोळा वर्षांनी. मला स्वतःची इतकी चीड आली की वाक्य अर्धं टाकून मी घरी आलो. मासे कुणी आणले ते आईला सांगू नका, एवढं मात्र दारातून बजावलं.

बुधवारी दुपारी अडीचला आंटींचा मेसेज आला: दोन बांगडे खाल्ले, भात दोनदा मागून घेतला, वाटी बोटाने पुसली. मी कारखान्याच्या मागच्या जिन्यावर गेलो, तिथे मशीनचा आवाज जरा कमी येतो, आणि आईला फोन लावला. एरवी मी दुपारी फोन करत नाही. इकडचं तिकडचं विचारलं. मग म्हटलं, "आज काय जेवलीस?"

मागे पंख्याचा आवाज येत होता. ती खरं सांगेल म्हणून मी फोन कानाशी घट्ट धरला.

"वरण-भात," आई म्हणाली. "तू जेवलास?"